दहावी ‘ब’चा धवला

मथुरा धवलारणीला देवानं गळा दिला तो अख्ख्या वटार गावाला पुरून उरेल असा, आणि तिच्या पोटी मुलगी दिली ती सुराच्या नावानं ठणठणगोपाळ. वाडीतल्या कुठल्याही बागायतदाराच्या घरी लग्न निघालं, की भटजींच्या आधी मथुरेकडे सुपारी जायची. हळदीला बसून ती धवल्याची, म्हणजे लग्नगाण्याची, पहिली ओळ म्हणणार, भोवतालच्या बाया तीच ओळ मागून उचलणार. त्याला झील देणं म्हणतात. झील मिळाल्याशिवाय नवरीच्या गालाला हळद लागत नसे. आणि एकदा म्हटलेली ओळ तशीच लोंबकळत ठेवायची नाही, कुणीतरी ती परत केलीच पाहिजे, हा तिथला कायदा. लहानपणी विमलाही हौसेनं झील द्यायची. तिनं तोंड उघडलं की बाया एकमेकींकडे बघायच्या आणि आई न थांबता, गाता गाता, हातानंच खूण करायची: इमले, तू हळद वाट.

विमलेनं हळद वाटली, नारळ खवले, आणि मग कंटाळून गणित शिकली. गणितात सूर लागत नाही म्हणून कुणी उठवून देत नाही. बी.एस्सी., बी.एड. करून ती गावच्याच हायस्कूलमध्ये विमलाबाई झाली. शाळेचं खरं नाव लांबलचक होतं. ते फक्त पाटीवर आणि शिक्क्यावर. बाकी सगळे नुसतं हायस्कूल म्हणत.

१९७९ सालच्या दिवाळीनंतर एके दिवशी हेडमास्तर नरहरी सावे यांनी शिक्षकांची बैठक बोलावली. सावेसर इथलेच, बागायतदाराचे चिरंजीव. पण पुण्याला शिकून आल्यापासून ते घरच्या बोलीतला एक शब्द तोंडातून निसटू देत नसत. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, बोलणं छापील. माणिकपूरला नव्या इंग्रजी शाळा निघाल्या होत्या, नव्या इमारतींतली मुलं तिकडे जात होती, आणि इकडे दहावी ‘ब’चा गणिताचा निकाल सांगायचीही लाज वाटावी असा लागला होता.

“या वर्षीही ‘ब’ तुकडी गणितात बुडाली,” सावेसर म्हणाले, “तर जूनपासून संगीत आणि चित्रकलेचे तास बंद. ते सगळे गणिताला.”

सगळ्यांनी वळून आधी फर्डिनंड सरांकडे पाहिलं, आणि मग विमलाबाईंकडे. संगीत आणि चित्रकला दोन्ही एकटे फर्डिनंड सरच शिकवत. रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन, सोमवार ते शनिवार शाळेत व्हायोलिन आणि रंगीत खडू, यापलीकडे त्या माणसाला संसार नव्हता. तास गेले की सरही गेलेच.

“अभिनंदन बाई,” शेजारच्या भूगोलवाल्या कुजबुजल्या. “तुमची चंगळ झाली.”

याच शाळेत विमलाबाई शिकत असताना फर्डिनंड सर नवे नवे लागले होते. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात त्यांनी विमलेला घेतलं होतं. पहिल्याच तालमीला त्यांना कळलं असणार. न कळायला ते बहिरे नव्हते. पण ‘तू हळद वाट’ असं त्यांनी सुचवलंसुद्धा नाही. शेवटच्या रांगेत उभं करून तिच्या हातात झांज दिली आणि म्हणाले, “बाय, तू ताल धर. तुझ्यावाचून ही सगळी घसरतील.” विमलेला वाटलं, आपण हवेत चालतोय. तो दिवस त्या विसरल्या नव्हत्या, आणि त्या सरांचे तास आपल्या नावावर घ्यायचे? त्यापेक्षा त्यांनी गणित सोडून दिलं असतं.

राहता राहिली दहावी ‘ब’. तिची तर्‍हाच न्यारी. पुढच्या बाकावर कमळी, वाडवळाची पोर, जीभ अशी की बाजार भरवील. शेवटच्या बाकावर गॅब्रिएल, ख्रिस्ती वाडीतल्या घुमटवाल्याचा मुलगा; त्याच्यापुढे बाक ठेवा, डबा ठेवा, तो वाजवणारच. मधे अशीच सगळी मंडळी. वर्गसमीकरणाचं सूत्र विमलाबाईंनी त्यांना फळ्यावर लिहून दिलं, वहीत लिहवून घेतलं, भिंतीवर टांगलं. सकाळी पाठ, दुपारी सपाट. उणे ब कधी वर तर कधी खाली, वर्गमूळ तर बहुतेकांच्या वहीतून पळूनच जाई.

मार्गशीर्षात कमळीच्या आत्याचं लग्न लागलं. हळदीला मथुरा धवलारीण, आणि आईच्या मागे पिशवी धरून विमलाबाई. झील द्यायला कोण, तर कमळी आणि ‘ब’ तुकडीतल्या निम्म्या पोरी. मांडवाच्या खांबाला टेकून गॅब्रिएल. त्याला आवतण नव्हतं, पण वाजवायला कुठं बोलावणं लागतं? विमलाबाई हळद वाटायची विसरून ऐकत राहिल्या. एकामागून एक धवला चालला होता. कुठल्या ओळीनंतर कुठली, कुणाचं नाव आधी, कुणाचं मागून, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ज्या पोरींना एका ओळीचं सूत्र चार दिवस टिकत नव्हतं, त्यांच्या डोक्यात आख्खं लग्नघर शाबूत होतं!

विमलाबाई एकदम खुदकन हसल्या. आईनं गाता गाताच डोळे वटारले.

घरी आल्यावर त्यांनी पाटपाण्याआधी सूत्र धवल्यात बसवलं. दुसर्‍या दिवशी फर्डिनंड सरांना गाठून फळ्यावर चित्र काढून घेतलं. सरांनी वर्गमुळाच्या खुणेला असा काही बाक दिला की तिचा मांडव झाला. मांडवाखाली ब-वर्ग मुंडावळ्या बांधून बसला, दारात उणे ब फेटा सावरत उभा, बाजूला अधिक आणि उणे अशा दोन करवल्या, आणि सगळ्याच्या खाली, भार वाहून घाम पुसणारे, दोन अ नावाचे दोघे भोई. वर्गात हशा पिकला. नवरा आपल्याच तुकडीच्या नावाचा, हे कळल्यावर तर पोरं बाकांवर चढली.

विमलाबाईंनी घसा खाकरला आणि, देवा रे, गायल्या:

नवरा निघाला गो, उणे ब निघाला,
संगे अधिक-उणे, करवल्या दोघी त्याला.
मुळाच्या मांडवी गो, ब-वर्ग बसला,
चार अ-कचा गो, रुसवा वजा केला.
खाली भोई दोघे गो, दोन अ, दोन अ!

कुणी हसलं नाही. हसायला फुरसत कुठे होती? कमळीनं पहिली ओळ उचलली, वर्गानं झील दिली, गॅब्रिएलनं बाक धरला, आणि गणिताचा तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ती ऐकायला कुणीही शुद्धीवर नव्हतं. पुढल्या आठवड्यात वर्तुळाचं क्षेत्रफळ ख्रिस्ती लग्नातल्या चालीवर बसलं, ते काम गॅब्रिएलनं अंगावर घेतलं. काटकोन त्रिकोणातल्या कर्णाला तर त्यांनी व्याहीच केलं. दोन्ही बाजूंचे वर्ग मिळून त्याचा मान राखतात म्हणे. आणि पोरांना गणितं येऊ लागली. चुकत माकत, पण येऊ लागली.

मथुरा धवलारणीच्या कानावर हे गेलंच. तिनं लेकीला चुलीपाशी बसवून म्हणायला लावलं आणि तिसर्‍या ओळीला कपाळावर हात मारला. “अगे, तिसर्‍या ओळीला आवाज खाली येतो! तवा नवरी पाया पडते. तू वर कुठं चालली, माडावर?”

“माझा खाली येत नाही, आई.”

“ता मना ठाव हाय,” आई म्हणाली. मग विस्तवाकडे बघत राहिली. “माज्यामागं हे कोन म्हननार, देव जाने.” विमलाबाईंना ते लागलं. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

सावेसरांना कळायला काही हेर लागले नाहीत. शाळेच्या खोल्यांमध्ये लाकडी फळ्यांच्या आडभिंती, आणि ‘ब’च्या पलीकडे हेडमास्तरांची खोली. दोन आठवडे त्यांनी दात-ओठ खात ऐकून घेतलं आणि मग दारात येऊन उभे राहिले.

“बाई, ही शाळा आहे की लग्नघर?”

वर्ग चिडीचूप. अर्ध्यात तुटलेली ओळ तशीच हवेत.

“यापुढे गाणं बंद. पूर्वपरीक्षेला ‘ब’वर देखरेखीला मी स्वतः बसेन. जे काही येतं ते कागदावर दिसू दे.”

मग गाणं आवाजानं बंद झालं. पण ओठ कोण शिवणार? पोरं गणितं सोडवताना पुटपुटत राहिली. विमलाबाईंनी न पाहिल्यासारखं केलं आणि मनातल्या मनात सगळे देव पाण्यात घातले.

पूर्वपरीक्षेचा बीजगणिताचा पेपर. सावेसर टेबलाशी ताठ बसलेले. विमलाबाईंना मुद्दाम शेजारच्या खोलीत नववीवर ठेवलेलं, पण फळ्यांच्या भिंतीत हाताच्या बोटाएवढी फट होती आणि विमलाबाईंचा डोळा त्या फटीला. पहिला तास सुखरूप गेला. मग कमळी वर्गसमीकरणाच्या प्रश्नाशी आली. तिनं पेन ठेवलं, डोळे मिटले, आणि श्वासाएवढ्या आवाजात पहिली ओळ म्हटली.

ती स्वतःसाठी म्हणाली होती. पण शेजारणीच्या कानात धवल्याची ओळ पडली, आणि पडलेली ओळ परत द्यायची हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तिनं झील दिली. मागचीनं दिली. शेवटच्या बाकावरून गॅब्रिएलच्या नखांचा ताल सुरू झाला. कुणी मान वर केली नाही, कुणी लिहायचं थांबलं नाही, आणि सगळी खोली माश्यांनी भरल्यासारखी गुणगुणू लागली. विमलाबाईंनी भिंतीवर हळूच टकटक केली. तर गॅब्रिएलला वाटलं, ताल चुकला म्हणून बाई सांगतायत. त्यानं सुधारून जोरात धरला.

“शांतता!” सावेसर गरजले.

कमळी नेमकी तिसर्‍या ओळीवर होती. ‘मुळाच्या मांडवी गो’ एवढं म्हणून ती दचकली आणि थांबली.

खोली गप्प झाली. ओळ मात्र अर्धी राहिली. सगळ्या पोरांना ती लोंबकळताना दिसत होती. कमळी ओठ चावत होती, गॅब्रिएलनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. भिंतीमागे विमलाबाईंनी स्वतःच्या तोंडावर पदर दाबला होता, कारण त्यांच्याही जिभेवर ती आली होती. आणि तेवढ्यात टेबलाकडून, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शर्टातून, खर्जातला एक भरदार आवाज आला:

“मुळाच्या मांडवी गो, ब-वर्ग बसलाऽऽ...”

ओळ खाली उतरली. कशी उतरली म्हणता! मथुरा धवलारणीनं ऐकली असती तर विडा दिला असता. आणि एवढ्यावर थांबेल तो धवला कसला? “चार अ-कचा गो, रुसवा वजा केलाऽऽ,” सावेसर म्हणाले, खडूनं टेबलावर ताल देत. “खाली भोई दोघे गो, दोन अ...”

दुसर्‍या ‘दोन अ’ला त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

पोरांनी मान खाली घालून भराभरा उत्तरं लिहिली. सावेसर छताकडे बघत बसले. कानांच्या पाळ्या लाल. पेपर संपेपर्यंत ते हललेसुद्धा नाहीत.

विमलाबाईंना खोलीत बोलावणं आलं ते संध्याकाळी. हसू आणि भीती असे दोन्ही उमाळे एकाच वेळी येत होते. कुठला आधी बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता.

“बाई,” सावेसर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “आज परीक्षेत जे झालं, त्याला कॉपी म्हणायचं की नाही?”

“म्हणावं लागेल, सर.”

“मग नियमानं पुढे काय करायचं?”

“उत्तर सांगणार्‍याचं नाव लिहायचं असतं, सर,” विमलाबाई म्हणाल्या, आणि आपण हे बोललो हे कळून त्यांनी जीभ चावली.

सावेसरांची पाठ ताठ राहिली. मग तिचा वरचा भाग हलू लागला. बाईंना वाटलं, रागानं. मग आवाज फुटला आणि कळलं, हेडमास्तर हसताहेत. हसून हसून त्यांनी वरचं बटण काढलं, खुर्चीत बसले, चष्मा पुसला.

“कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं,” ते म्हणाले. “माझ्या लग्नात तुमच्या आईनं याच चालीचा धवला म्हटला होता. शेवटच्या झिलीला माझी आई होती. त्यानंतर दोनच वर्षं ती राहिली.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “गेले महिनाभर भिंतीपलीकडून ऐकतोय. चाल चुकलीय तुमची. तिसर्‍या ओळीला आवाज खाली येतो.”

“हो सर. तेव्हा नवरी पाया पडते.”

“ता ठाव हाय मना,” सावेसर म्हणाले. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा.

पेपर तपासले, तर ‘ब’ काठावर का होईना, तरली होती. पण खरी धास्ती पुढेच. बोर्डाची परीक्षा माणिकपूरच्या केंद्रावर, पर्यवेक्षक परके. तिथे एकीनं गुणगुणलं आणि बाकीच्यांनी झील दिली, तर आख्खी तुकडी उठवली जाईल. गाऊ दिलं तर पकडली जाणार, न गाऊ दिलं तर विसरणार.

“यावर एकच माणूस आहे,” विमलाबाई म्हणाल्या.

सावेसर स्वतः चालत संगीताच्या खोलीत गेले. फर्डिनंड सर व्हायोलिनच्या गजाला राळ लावत होते. सगळं ऐकून घेतलं आणि भोळेपणानं विचारलं, “पण सर, माझे तास तर गणिताला जाणार होते ना?”

“अजून गेलेले नाहीत,” सावेसर म्हणाले.

“मग मला गणिताचे दोन द्या.”

त्यांना गणिताचे दोन तास मिळाले. शाळेच्या इतिहासात गणिताकडून संगीताकडे गेलेले तास तेवढेच. पूर्वपरीक्षेपासून मार्चपर्यंत फर्डिनंड सरांनी ‘ब’ला एकच गोष्ट शिकवली: गप्प कसं बसायचं. गज वर केला की तोंडानं गायचं, खाली केला की मनात. “गाणं थांबत नाय पोरांनो,” ते सांगत, “आवाज थांबतो. आत चालू ठेवा.” पहिल्या दिवशी गज खाली जाऊन पुन्हा वर आला, तर कमळी भोयांपर्यंत पोचलेली, गॅब्रिएलचा नवरा अजून घरातून निघायचा होता, आणि मधल्या बाकावरच्या दोघी बहिणी तर भलत्याच लग्नात शिरल्या होत्या. वर्ग पोट धरून लोळला. सर न रागावता पुन्हा गज उचलत. तिसर्‍या ओळीला नवरी वाकते म्हणून त्यांनी सगळ्यांना तिथे मान खाली घालायला शिकवलं, म्हणजे मनातला आवाजही खाली येतो. सावेसर अधूनमधून दाराशी येऊन ऐकत आणि आपणही मान खाली घालत.

परीक्षेच्या दिवशी केंद्रासमोर, टांग्यांच्या अड्ड्यापाशी, विमलाबाई, फर्डिनंड सर आणि सावेसर उन्हात उभे राहिले. रस्त्यापलीकडे खिडक्या उघड्या. आतून ना गुणगुण, ना टकटक. विमलाबाईंना ती शांतता सोसेना. विसरली, त्यांना वाटलं. पोरं सगळं विसरली, आणि मीच सरांचे तास घालवले.

“बाय,” फर्डिनंड सर हळूच म्हणाले, “खिडकीत बघ.”

कमळीचं डोकं दिसत होतं. ते सरळ होतं, मग हळूच, आदबीनं, खाली वाकलं आणि पुन्हा वर आलं. थोड्या वेळानं तिच्या मागचं वाकलं. मग पलीकडच्या खिडकीतलं, आणि सगळ्यांच्या मागून गॅब्रिएलचं ते झुलपांचं मोठं डोकं. एकेक नवरी आपापल्या वेळी पाया पडत होती. विमलाबाईंना हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. शेवटी त्यांनी टांगेवाल्याच्या घोड्याच्या मानेवर डोकं टेकलं. घोड्यानं काही हरकत घेतली नाही.

जूनमध्ये निकाल लागला. ‘ब’मधून गणितात दोघेच राहिले, आणि त्यातला एक पेपरलाच गेला नव्हता. सावेसरांनी नव्या वेळापत्रकात फर्डिनंड सरांचे सगळे तास जिथल्या तिथे ठेवले आणि वर ते दोन गणिताचेही परत मागितले नाहीत. अंगणात पोरांचा गोंधळ उसळला. मार्चपासून आत कोंडलेला धवला कमळीनं आता खुल्या गळ्यानं सोडला, पोरांनी झील दिली, कंपाउंडबाहेर चाफा विकायला बसलेली मथुरा धवलारीण टोपली तिथेच टाकून आत आली.

तिसरी ओळ खाली उतरली. सगळी पोरं मिळून, जशी उतरायला हवी तशी. मथुरा ऐकत उभी राहिली.

“माज्यामागं कोन म्हननार, म्हनून मी झुरत होते,” ती लेकीला म्हणाली. “आनि तू एवढी पिलावळ जमवून ठेवलीस, इमले!” मग डोळे पुसून तिनं शेवटच्या ओळीला झील दिली, असा आवाज की कौलावरचे कावळे उडाले. आणि श्वास घेता घेता विचारलं, “पन हे दोन अ, दोन अ, हे कोनाचे गो पोरगे?”

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. तेवढ्यात विमलाबाईंच्या हाताला काहीतरी गार लागलं. फर्डिनंड सरांनी आतून शाळेची जुनी झांज आणली होती.

“ताल धर, बाय,” ते म्हणाले. “तुझ्यावाचून घसरतील.”

विमलाबाई शेवटच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. त्यांनी झांज वाजवली, आणि तिसर्‍या ओळीला राहवेना म्हणून मोठ्यानं गायल्याही. आवाज गेला तो सरळ माडावर. आईनं वळून पाहिलं, हात वर केला, विमलाबाईंना वाटलं आता हळद वाटायला पाठवते. पण आईनं त्याच हातानं खूण केली: म्हन, म्हन.